उजवा कौल

हरेश्वर गुरवाला राग येतो, ही गोष्ट खारशेत गावाला तो त्रेसष्ट वर्षांचा होईपर्यंत ठाऊक नव्हती. तसा तो गरीब गाय. सकाळी काळकाईची पूजा, तिन्हीसांजेला दिवा, मधल्या वेळात कुणाच्या तरी वाडीत सुपारी सोलायला बसायचं आणि कुणी काही बोललं तर मान खाली घालून "व्हय" म्हणायचं. घरात एकटा. बायको जाऊन एकतीस वर्षं झाली होती. दुसरं लग्न केलं नाही, का केलं नाही ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं.

खारशेत दिघीच्या धक्क्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, खाडीच्या काठाला. देवळात काळकाईचा काळा पाषाण, त्याला चांदीचे डोळे. गावातला कुठलाही मोठा प्रश्न शेवटी या पाषाणापुढे येतो. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, मुंबईची खोली विकायची की ठेवायची. हरेश्वर जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवतो. एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवतो, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावाच्या वतीने देवीला सगळं मोठ्याने सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागून जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. उजवी पाकळी आधी पडली तर उजवा कौल, देवी हो म्हणाली. डावी पडली तर नाही म्हणाली. त्यावर पुढे कोर्ट नाही.

पाकळ्या लावायचा मान फक्त गुरवाच्या घराचा. बापाने ते काम शिकवताना हरेश्वरला एकच गोष्ट दहादा सांगितली होती. पाकळी पाण्यातून काढून झटकली, तर ती पाषाणाला घट्ट बसते, तासभर हलत नाही. न झटकता थबथबलेली लावली, तर आपल्याच भाराने घसरते. म्हणून दोन्ही सारख्या झटकायच्या. "हात कोरा ठेव," बाप म्हणाला होता. "आपल्या मनात काय हाय ते हाताला कळू द्यायचं न्हाय."

माघातल्या एका सकाळी हरेश्वर अंगणात सुपारी सोलत बसला होता. बाळाजी आला. बाळाजी म्हणजे गावकीचा म्होरक्या. खार जमिनीत भातशेती, घर मोठं, आवाज त्याहून मोठा.

"बस बस, गुरवा, उठू नको. येत्या मंगळवारी कौल लावायचा हाय."

"कशाचा?"

"आमच्या सूनबाईचा."

हरेश्वरची सुरी थांबली. बाळाजीची सून क्रांती. गणपतीच्या आधी बाळंत झाली होती, मुलगा झाला होता. बाराव्या दिवसापासून तिची झोप उडाली. पोर माझं नाही, कुणीतरी बदललं, असं म्हणायला लागली. दोनदा पोराला पायरीवर ठेवून खाडीकडे चालत निघाली. नवऱ्याने, निकेशने, एरवी बापापुढे ब्र न काढणाऱ्या त्या माणसाने, कुणाला न विचारता तिला रिक्षात घातलं, दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरवलं आणि पुढे अलिबागच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईने गोळ्या सुरू केल्या. दिवाळीपर्यंत क्रांती माणसात आली. पोराला कडेवर घेऊन दारात उभी राहायला लागली.

"ती तर बरी हाय आता," हरेश्वर म्हणाला.

"बरी कसली? तोंड बघ तिचं, भाकरीसारखं फुगलंय. उन्हं अंगणात येईस्तवर झोपते. आणि आमच्या पोरीचं, अमिषाचं, बोर्लीला लग्न जमतंय. त्या लोकांनी इचारलं, तुमची सून कसल्या गोळ्या खाते? काय सांगू? डोक्याच्या म्हणून सांगू?"

"दम्याच्या गोळ्या असत्या तर सांगितलं असतं ना?"

"दमा काय, कुणालाबी व्हतो." बाळाजीने हात झटकला. "तुला इचारायला आलो न्हाय, गुरवा. देवीला इचारायचंय. गोळ्या बंद करायच्या आणि चाळीस दिवस देवळात देवीच्या पायाशी बसवायची. अंगारा, तीर्थ, बास. तुझी मनुबाय बसवली व्हती तशी."

सुरी अंगठ्यात गेली. हरेश्वरने अंगठा तोंडात धरला आणि तसाच बोलला, "उठली का?"

"आँ?"

"मनू. बसवली व्हती म्हणतोस. उठली का ती, बाळाजीभाऊ?"

बाळाजीने दोन्ही हात जोडले, देवळाच्या दिशेने. अगदी मनापासून जोडले. "तिला देवीनं नेली, गुरवा. पुण्यवान बाय. असं मरण कुणाला येतं?"

बाळाजी वाईट माणूस नव्हता, हाच खरा घोळ होता. वाईट असता तर एकतीस वर्षांपूर्वीच त्याला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

मनुबाईचं पहिलं मूल चौथ्या दिवशी गेलं होतं. त्यानंतर ती झोपेना. एक नारळ दुपट्यात गुंडाळून छातीशी धरायची, त्याला पाजायला बसायची. कुणी घेऊ गेलं तर चावायची. ठाण्याला मोठं इस्पितळ आहे, तिकडे न्या, असं तिचा भाऊ म्हणत होता. गाव म्हणालं, देवीला विचारू. गुरवाची बायको वेडी म्हणजे देवी गुरवावर कोपली, अशी कुजबुज चालू झालीच होती. उद्या बायको वेड्यांच्या इस्पितळात गेली की परवा देवळाचा मान जाणार, हे हरेश्वरला न सांगता कळत होतं.

कौल त्यानेच लावला. दुसरं कोण लावणार? "देवीच्या पायाशी ठेवावी का?" असा प्रश्न होता. डावी पाकळी त्याने नीट झटकली. उजवी झटकली नाही.

हे त्याने ठरवून केलं होतं का? एकतीस वर्षं तो स्वतःला हेच विचारत होता. हाताला सांगितलं नव्हतं. पण हाताला कळलं होतं.

उजवी पाकळी घसरून पडली, गावाने "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि मनुबाईला सभामंडपातल्या खांबाला काथ्याच्या दोरीने बांधलं. पळून जाऊ नये म्हणून, तिच्याच भल्यासाठी. आठव्या दिवशी तिने खाणं सोडलं. तरणाबांड बाळाजी पेजेची वाटी घेऊन तासन् तास तिच्यापुढे बसायचा, "एक घोट घे गं वयनी" म्हणून रडायचा. दोरी सोडावी, गाडीत घालावी, हे मात्र ना त्याला सुचलं ना कुणाला. देवीने सांगितलं होतं ना! तेविसाव्या दिवशी ती गेली. देवीनं नेली, असं गाव म्हणालं. बाया तिच्या पायावर डोकं ठेवायला रांग लावून आल्या.

देवीने कशाला नेली? देवीला दुसरी कामं नाहीत? हरेश्वर रक्ताचा अंगठा चोखत अंगणात बसून राहिला.

दोन दिवसांनी भर दुपारी क्रांती देवळात आली. कडेवर पोर, हातात हळदीकुंकवाचा करंडा. नमस्कार केला आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी येऊन हळूच म्हणाली, "गुरवकाका, मंगळवारी डावा पाडा."

"काय?"

"कौल. डावा पाडा. लोकं म्हणतात, गुरवाच्या हातात असतं."

"कोण म्हणतं?"

"कोणच न्हाय," ती ओशाळून म्हणाली. "मीच म्हणते. तुम्ही न्हाय म्हणाल म्हणून लोकांचं नाव घेतलं."

तिने करंडा उघडला. कुंकवाच्या खणाशेजारी गोळ्यांची पट्टी घडी करून ठेवलेली होती. "हितं ठेवते. रोज आधी देवीला हात जोडते, मग गोळी घेते. डॉक्टरबायनी इचारलं मला, देव मानतेस का? म्हटलं मानते. तर म्हणाल्या, मग सोडू नकोस, बळ येतं त्यानं. देवीला जा आणि गोळीबी घे, दोघांचं काय भांडण न्हाय. भांडण हितंच हाय, काका. गोळी सुटली की ते परत यील. मला ठाव हाय ते कसं असतं. माझ्या पोराचं तोंड मला दुसऱ्याचं दिसत व्हतं." तिचा आवाज चिरकला. "घरच्यांपुढं मी बोलले तर म्हणतात, हे गोळ्याच बोलतात. देवी बोलली तर ऐकतील. एवढं एकदा खोटं करा."

"माझ्यापाशी खोटं मागू नकोस!"

तो एवढ्या मोठ्याने ओरडला की पोर दचकून रडायला लागलं. देवळात आजवर त्याचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता, त्यानेसुद्धा नाही. क्रांतीने करंडा मिटला, पोराला खांद्यावर घेतलं आणि डोळे पुसत पायऱ्या उतरली. तिला वाटलं, काका तिच्यावर चिडले. तो चिडला होता स्वतःवर.

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. कोऱ्या हाताने कौल लावला तर निम्मी शक्यता. पोरीचा जीव दोन पाकळ्यांवर! हात वापरला तर पोरगी वाचेल, पण मग एकतीस वर्षांपूर्वी जे केलं तेच पुन्हा केलं, फक्त बाजू बदलली. आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची सून आली म्हणजे? तो मेल्यावर कुणाचा हात असेल?

सोमवारी तो दिघीला नारळ आणायला गेला. धक्क्यावर करमअली रिक्षा लावून फेरीबोटीची वाट बघत होता. त्यानेच निकेश-क्रांतीला पलीकडे नेलं होतं. हरेश्वर आणि तो चौथीपर्यंत एका बाकावर बसलेले.

"काय रे गुरव, तोंड का असं? देवी रागावली का?"

हरेश्वरने चहा घेता घेता सगळं सांगितलं. म्हणजे कौलाचं सांगितलं, पाकळीचं सांगितलं नाही.

करमअलीने बशी खाली ठेवली. "आमच्यात काय वेगळं हाय? माझ्या बायकोला, सफुराला, असंच झालेलं, आठवतं? दिवसभर भिंतीकडं तोंड करून. सहा जुम्मेरात, दर गुरवारी, दर्ग्यावर नेली मी. ताईत बांधले. फरक शून्य. मग आमच्या मशिदीच्या पेशइमामांनीच मला बाजूला घेतला. म्हणाले, करमअली, दुआ मी करतो, ते माझं काम. इलाज डॉक्टर करील, ते त्याचं. मी त्याच्या खुर्चीत बसणार न्हाय. मग नेली डॉक्टरकडं."

"बरी झाली."

"बरी झाली म्हणून तर माझ्याशी रोज भांडते." करमअली हसला, मग थांबला. "पण गुरव, आमच्यात इमाम बोलला. लोकांनी ऐकलं, कारण तो बोलला. तुमच्यात कोण बोलणार? डॉक्टर बोलला तर लोक म्हणतात, त्याला काय कळतं देवाचं. तुझं तोंड कशाला दिलंय अल्लानं? नुसतं व्हय म्हणायला?"

बोटीचा भोंगा झाला. करमअली रिक्षाकडे धावला. हरेश्वर नारळ न घेताच घरी आला.

मंगळवारी सकाळी देऊळ भरलं. पुढे बाळाजी, टोपी हातात. बायकांत क्रांती, मान खाली. निकेश पार मागे, दाराला टेकून, कामावरून रजा घेऊन आलेला. हरेश्वरने दोन पाकळ्या तांब्यात टाकल्या, पण बाहेर काढल्या नाहीत. तो देवीकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभा राहिला. असं कुणी गुरव उभा राहत नाही. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला.

मग त्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवी काळकाये, खारशेतच्या माये, खाडीच्या राखणदारणी..."

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरं तुझ्या पायरीला आली हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"बाळाजीच्या सुनेच्या माथ्याला आजार हाय, त्याचं इचारायला आली हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या याच देवळात एकतीस वर्षांमागं माझी मनू आणली व्हती..."

"व्हय म्हाराजा!" पाठांतराचा आवाज. कुणी ऐकत नव्हतं, नुसते म्हणत होते.

"तिला या खांबाला बांधली..."

"व्हय म्हाराजा!"

"ती खायाची थांबली, तरी आम्ही दोरी सोडली न्हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"तेवीस दिवस आम्ही सगळ्यांनी बघत बघत तिला मारली..."

"व्हय म्हा..."

शब्द तोंडातच तुटला. काहींनी पुरा म्हटला आणि मग तोंडावर हात ठेवला. देवळात पोराच्या चोखण्याचा आवाज ऐकू येत होता.

"म्हणा ना!" हरेश्वर ओरडला. "आता का थांबलात? एकतीस वर्षं म्हणताय, देवीनं नेली. देवीच्या नावावर घालताय. तिनं काय वाकडं केलं तुमचं?"

"गुरवा, शुद्धीवर हायस का?" बाळाजी उठला.

"आज पैल्यांदा हाय. बस खाली. पेज घेऊन तू बसला व्हतास, मी इसरलो न्हाय. तू रडलास, मी इसरलो न्हाय. पण दोरी सोडली न्हायस. आणि मी तर..."

तो वळला. तांब्यातून दोन्ही पाकळ्या काढल्या, वर धरून सगळ्यांना दाखवल्या. "ही डावी. झटकली. बघा. ही उजवी. झटकली न्हाय." दोन्ही देवीच्या खांद्यांना लावल्या. "आता उजवी पडंल."

पाण्याचा एक थेंब पाषाणावरून ओघळला. त्याच्यामागून उजवी पाकळी सरकली आणि खाली पडली.

"मनूच्या वक्ताला मी असंच केलं. लाज वाटली मला, बायको इस्पितळात घालायची. देवळाचा मान जाईल म्हणून भ्यालो. आता डावी पाडून दावू? बाळाजीभाऊ, तूच सांग, कुठली पाडू?"

बाळाजीचं तोंड पांढरं पडलं. "देवीला खोटी पाडतोस?"

"देवीला न्हाय. मला." हरेश्वरचा आवाज फाटला. "देवी कवा बोलली गोळी नको म्हणून? तिच्या तोंडात माझा हात बोलला. या हातानं आता कौल लागणार न्हाय. न्हाय लावणार मी!"

कुणीतरी "उतरवा याला" म्हणालं. कुणीतरी "थांबा रे" म्हणालं. हरेश्वरने जोरात श्वास घेतला आणि गाऱ्हाणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे उचललं.

"तर बा देवी काळकाये, क्रांतीची गोळी चालू ऱ्हाईल. डॉक्टर सांगंल तवर ऱ्हाईल. तू तिच्या पाठीशी उभी ऱ्हा. रोज सकाळी ती तुझ्या दारात यील, तिला बळ दे. हे लेकरांना कबूल हाय का?"

बाळाजी जमिनीकडे बघत होता. क्रांतीने पोराला इतकं घट्ट धरलं होतं की ते कुरकुरलं. एक वाक्य गावाने अधांतरी सोडलं होतं, खारशेतच्या देवळात असं कधी झालं नव्हतं.

मग मागून, दाराशी टेकलेला निकेश बापाकडे न बघता म्हणाला, "व्हय म्हाराजा."

एकटाच म्हणाला. आवाज कापत होता, पण शेवटच्या अक्षरापर्यंत पुरा म्हणाला. त्याच्यामागून बायकांतली एक म्हातारी म्हणाली, मग आणखी दोघी. पुरुषांतून कुणीच नाही. पण बाळाजीने "नाही" म्हटलं नाही, आणि त्या देवळात "नाही" असं कुणी म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं मोडत नाही.

आठ दिवसांत गावकी बसली आणि हरेश्वरचा मान काढला. त्याचा पुतण्या शुभम तळा गावी कामाला होता, त्याला बोलावून देवळाची किल्ली दिली. अमिषाचं बोर्लीचं मोडलं. त्याचा दोषही लोकांनी हरेश्वरच्या माथी मारला, आणि ती पोरगी रस्त्यात तोंड फिरवून गेली तेव्हा त्याला तो खरोखर लागला. मनुबाईच्या पायावर डोकी ठेवणाऱ्या बायांपैकी दोघींनी त्याच्या अंगणातून जाणं सोडलं. आपण वेळेवर बोललो असतो तर, हा त्याच्या मनातला काटा काही निघाला नाही. राग उतरेल असं त्याला वाटलं होतं, तोही उतरला नाही.

क्रांती मात्र रोज सकाळी देवळात येते. करंड्यातली गोळी देवीपुढे ठेवते, शुभमकडून तीर्थ घेते आणि त्याच घोटाबरोबर गिळते. जाताना बाहेरच्या पारावर बसलेल्या हरेश्वरला म्हणते, "झाली हो काका, घेतली." एक गोळी डॉक्टरबाईने कमी केली आहे. तोंडाची सूज उतरते आहे.

शिमग्याला पालखी कुठल्या दिवशी काढायची याचा कौल होता. हरेश्वर पारावर बसून आतलं ऐकत होता. शुभमने पाकळ्या भिजवल्या. तेवढ्यात बाळाजीचा आवाज आला, सगळ्यात मोठा.

"थांब रे. दोन्ही झटकल्यास का? दाव इकडं. परत झटक, माझ्या डोळ्यांदेखत."

हरेश्वरने तोंडातली सुपारी थुंकली.

"हे तवा बघायचं व्हतंस, बाळाजी," तो म्हणाला. आत कुणाला ऐकू गेलं नाही. म्हणून तो उठला, दारात जाऊन उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, मोठ्याने.